थंड बटाट्याची दोन शतके

वायनरीच्या फाटकाजवळ, येणाऱ्याच्या नजरेत भरेल अशा उंचीवर, संगमरवराची एक पाटी बसवलेली आहे. तिच्यावर कोरले आहे: ‘या उतारावर पिकणाऱ्या द्राक्षांची पांढरी वाइन येथील मळेकरी गेली दोन शतके थंड उकडलेल्या बटाट्याबरोबर आणि जाड्या मिठाबरोबर घेत आले आहेत. हा मेळ म्हणजे या मातीची देणगी होय.’

वाक्ये दोनच आहेत. पण त्यांतली असत्ये मोजायची तर एका हाताची बोटे पुरत नाहीत. या उतारावर पहिली वेल लागली त्याला येत्या हंगामात एकोणीस वर्षे होतील. त्यापूर्वी येथे दगडाची खाण होती, आणि खाणीतले कामगार काय पीत असत याची नोंद कोणी ठेवलेली नसली, तरी ती पांढरी वाइन नव्हती एवढे निःशंकपणे म्हणता येते. शेनिन ब्लाँ ही द्राक्षाची जात मूळची फ्रान्समधल्या एका नदीकाठची. तिची इथली कलमे मात्र तीन तासांवरच्या एका रोपवाटिकेतून ट्रकने आली. ज्यांना ‘मळेकरी’ म्हणावे असे कायम कामगार सात. त्यांतले सहा दुपारी जेवायला घरी जातात आणि सातव्याला बटाट्याने वायू होतो. राहिली माती. खाणीच्या कातळावर वेल धरेना, तेव्हा शेजारचा रस्ता रुंद करताना निघालेली माती कंत्राटदाराने इथे फुकट आणून टाकली. म्हणजे ही देणगी ज्या मातीची, ती मातीच मुळात देणगी होती.

बटाटा तेवढा खरा होता. तो एका मंगळवारी, दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी, पहिल्या मजल्यावरच्या खिडकीलगतच्या टेबलावर, स्टीलच्या डब्यात होता. दोन शतकांचा हा सगळा इतिहास त्या डब्याचे झाकण निघाले तेव्हा सुरू झाला.

डबा लेबलमास्तरांचा होता. बाटल्यांच्या पाठीवरचा मजकूर लिहिण्यासाठी त्यांना सहा महिन्यांच्या बोलीवर घेतले होते आणि काम पटले तर कायम करायचे ठरले होते. त्याआधी अकरा वर्षे ते एका औषध कंपनीत गोळ्यांच्या खोक्यांत घालायच्या घडीच्या चिठ्ठ्यांचा मजकूर लिहीत. ‘मद्यासोबत घेऊ नये’ हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा लिहिले होते, की त्याचा परिणाम रुग्णांवर झाला नसला तरी स्वतः मास्तरांवर पुरता झाला होता. त्यांनी उभ्या आयुष्यात वाइनचा घोट घेतलेला नव्हता. मुलाखतीत हे त्यांना कोणी विचारले नाही, आणि घरात लग्नाचे वय झालेली मुलगी, खांद्यावर घराचा हप्ता आणि हातात बंद पडलेल्या कंपनीचा दाखला असताना विचारलेल्यापेक्षा अधिक बोलण्याची हौस त्यांनाही नव्हती.

चव त्यांना उसनी आणावी लागे. ती मिळे तळघरात. वाइन करणारे तळघरकाका हे बोटभर दाढीचे, संथ गृहस्थ. पिंपांच्या रांगेत ते असे उभे राहत, की त्यांना हलवायला दोन माणसे लागतील असे वाटावे.

“काका, यंदाची कशी झालीये?”

“आंबट.”

“आणखी?”

“चांगली आंबट.”

“एखादं फळ आठवतं का पिताना?”

“द्राक्ष.”

“ते सोडून हो!”

काकांनी पेला तिरका धरला, नाक आत घातले आणि डोळे मिटून ते बराच वेळ तसेच उभे राहिले. “हिरवं सफरचंद. कच्चं पेअर. मागाहून थोडा मध. आणि ओली लोकर.”

“काय?”

“भिजलेला स्वेटर खुर्चीवर वाळत घातला की येतो ना, तो वास. शेनिनला असतो कधीकधी. चांगला असतो.”

“हे लिहू मी?”

“लिहा की. खरं आहे.”

मास्तरांनी वर येऊन सफरचंद लिहिले, पेअर लिहिले, मध लिहिला. आणि ओल्या लोकरीच्या जागी ‘डोंगरमाथ्यावरच्या पहाटेची चाहूल’ असे लिहिले. अशा रीतीने त्या लेबलावरचे सर्वांत प्रामाणिक विधान छपाईपूर्वीच बाद झाले.

मजकूर छापखान्याला संगणकावरून पाठवायचा असे, आणि त्यात ‘कशाबरोबर घ्यावी’ असा एक रकाना होता. त्यात किमान दोन पदार्थ भरल्याशिवाय पुढचे पान उघडत नसे. हे दोन पदार्थ ठरवण्यासाठी वायनरीने पाच जणांची रसज्ञ समिती नेमली होती. समितीची बैठक झाली, एकवीस पदार्थ मांडले गेले, ताटे निर्मळ झाली, समिती अत्यंत संतुष्ट होऊन घरी गेली. अभिप्राय मात्र एकानेही लिहून दिला नाही. छापखान्याची मुदत दीड वाजेपर्यंत होती. एक वाजता मास्तरांनी पाचही रसज्ञांना फोन केले. चौघांनी उचलला नाही. पाचवे म्हणाले, “सगळंच छान होतं हो!” आणि त्यांनी फोन ठेवला.

एक वाजून दहा मिनिटांनी मास्तरांनी, निदान हात तरी कामात राहावेत म्हणून, डबा उघडला. आत दोन बटाटे होते. उकडलेले, गार झालेले, सालीसकट. शेजारी कागदाच्या पुडीत जाडे मीठ. सकाळी डबा हातात देताना बायको म्हणाली होती, “आज हेच आहे.”

“नुसते बटाटे?”

“काल आई दोन तास बसस्टँडवर बसली होती. तिला तेवढंही नव्हतं.”

सासूबाईंना आणायला जायचे मास्तर साफ विसरले होते. ते डबा घेऊन निघाले होते. आता त्यांनी बटाट्यांकडे पाहिले, घड्याळाकडे पाहिले, आणि पहिल्या जागेत ‘थंड उकडलेला बटाटा’ व दुसऱ्या जागेत ‘जाडे मीठ’ असे भरून बटण दाबले. पान उघडले. चाळीस हजार लेबले छापून झाली.

वायनरीच्या मालकीणबाई कधी बसत नसत. बैठक त्या चालत घेत, सह्या भिंतीवर कागद टेकवून करत, आणि ज्याच्याशी बोलायचे त्याला बरोबर फरफटवत नेत. आठवड्याने त्या जिन्यावरून खाली येत असताना मास्तर वर जात होते. त्यांना वळून परत उतरावे लागले.

“मास्तर, बटाटा?”

“हो मॅडम.”

“का?”

येथे खरे सांगायला चार शब्द पुरले असते. पण नोकरीचे साडेचार महिने अजून परीक्षेचे होते, आणि लेबले बाटल्यांवर चिकटली होती. “जुनी पद्धत आहे, मॅडम. मळ्यातले लोक दुपारी… उतारावर बसून…”

“कुठले लोक?”

“असेच. मळ्यातले.”

“किती जुनी?”

“बरीच.”

“बरीच म्हणजे? शंभर वर्षं?”

“इतकं नेमकं नाही सांगता येणार.”

“म्हणजे जास्तच!” असे म्हणून बाई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पूर्ण क्षणभर थांबल्या. कार्यालयातल्या दोघांनी नंतर सांगितले, की बाईंना स्थिर उभे राहिलेले त्यांनी तेव्हाच पाहिले. “अहो, मग हे लपवून कशाला ठेवलंत? माहितीपत्रकात घ्या!”

माहितीपत्रकात ते आले: ‘पिढ्यान्‌पिढ्यांची रीत’. माहितीपत्रक हॉटेलांत गेले. तिथले आचारी अर्धा बटाटा चिमट्याने काळ्या दगडावर ठेवू लागले, आणि गिऱ्हाइकाने स्वतःच्या नखांनी साल सोलावी अशी व्यवस्था झाली, कारण अनुभव अस्सल हवा. लोक सोलू लागले. वाइन संपू लागली. मास्तरांची झोप मात्र त्याच वेगाने उडू लागली. टेबलावरची पेने ते दिवसातून तीनदा लांबीप्रमाणे लावू लागले. फोन वाजला की उठून उभे राहू लागले.

असाच एक फोन प्राध्यापकांचा होता. आहाराच्या इतिहासावर त्यांचे सहा ग्रंथ होते आणि सातव्यात एक प्रकरण कमी पडत होते. ते दुसऱ्याच दिवशी वही घेऊन हजर झाले.

“या प्रथेला आधार काय?”

“लेखी काही नाही सर. तोंडी आहे.”

“कोणाच्या तोंडी?”

“माझ्याच,” मास्तर म्हणाले. ते घाबरले होते. घाबरलेल्या माणसाच्या तोंडून कधीकधी सत्य निसटते, तसे ते निसटले.

प्राध्यापकांनी लिहून घेतले: ‘निवेदक: मळ्याशी संबंधित एक प्रौढ जाणकार.’ मग मान वर केली. “तुम्ही स्वतः खाल्लाय बटाटा?”

“हो. इथेच. या टेबलावर.”

“म्हणजे प्रथा जिवंत आहे! आणि तुमच्याकडे ती कोणाकडून आली?”

“घरून. बायकोनं दिला.”

“स्त्रियांनी जपलेली,” प्राध्यापक पुटपुटले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी तरळल्यासारखे दिसले. “आता काळ ठरवू. आपल्याकडे बटाटा येऊन दोनशे वर्षं झाली. बरोबर? त्याआधी ही प्रथा असणं शक्यच नाही.”

“शक्य नाही,” मास्तर जीव तोडून म्हणाले.

“म्हणजे ती दोनशे वर्षांपूर्वीची आहे.”

एखादी गोष्ट अमुक काळाच्या आधीची असू शकत नाही, म्हणून ती बरोबर त्याच काळची असली पाहिजे: या न्यायाने प्राध्यापकांच्या सहा ग्रंथांतली बरीच प्रकरणे उभी आहेत. सातव्यात बटाट्याला एक अख्खे पान मिळाले, आणि पानाच्या तळाशी आधार म्हणून बाटलीच्या लेबलाचा उल्लेख आला. माहितीपत्रकाची दुसरी आवृत्ती निघाली. तिच्यात ‘संशोधकांनी सिद्ध केल्याप्रमाणे दोन शतके’ असे आले आणि आधार म्हणून प्राध्यापकांचा ग्रंथ आला. ग्रंथाची दुसरी आवृत्ती निघाली. तिच्यात ‘या निष्कर्षाला आता स्वतंत्र दुजोरा मिळाला आहे’ असे आले, आणि तो दुजोरा म्हणजे माहितीपत्रकाची दुसरी आवृत्ती होती. दोन पाकपुस्तके, एक प्रवासवर्णन, तीन नियतकालिके आणि एक शालेय प्रकल्प या वर्तुळात येऊन मिळाले. वर्षाच्या आत पुरावे अकरा झाले. बारावी ती पाटी.

पाटी बसवत होते त्या दिवशी मास्तर तळघरात उतरले. “काका, एक सांगायचंय. ते बटाट्याचं… ते खरं नाही.”

“ठाऊक आहे.”

“तुम्हाला कसं ठाऊक?”

“इथली पहिली वेल मीच लावली. तेव्हा दोन शतकं काय, दोन झाडंपण नव्हती.”

“मग बोलला का नाहीत?”

“मला विचारलं कोणी? मला फक्त आंबट किती ते विचारतात.” काकांनी पिंपावर बोटाने टकटक केले आणि कान लावला. “तुम्ही का नाही बोललात?”

मास्तरांची सहा महिन्यांची बोली दोनदा वाढवली गेली होती आणि आता तिसऱ्यांदा संपत आली होती. कायम केल्याचे पत्र मिळेल या आशेवर मुलीच्या लग्नाची तारीख धरली होती. काकांना एवढे सांगायची गरज पडली नाही. त्यांनी नुसतेच “हं” केले.

आणि नेमकी हीच वेळ साधून नदीपलीकडच्या वायनरीने हरकत घेतली. बटाट्याची प्रथा मूळ त्यांची, ती अडीचशे वर्षांची, आणि या काठाने ती चोरली, असे त्यांचे म्हणणे होते. प्रकरण उगम प्रमाणन मंडळाकडे गेले. कोणत्या पदार्थाचा उगम कुठला हे ठरवून त्यावर शिक्का देणे हे मंडळाचे काम. शिक्का मिळेल त्यालाच ‘बटाट्याची वाइन’ म्हणता येणार होते.

मालकीणबाई मळ्याच्या कडेने भरभर चालत होत्या. मास्तर चिखल चुकवत मागे होते.

“साक्ष तुम्ही द्यायची. परंपरेचे जाणकार म्हणून.”

“मॅडम, मला तुम्हाला एक गोष्ट—”

“शपथेवर द्यायची असते, घाबरू नका. निकाल आपल्या बाजूनं लागला की त्याच दिवशी कायम केल्याचं पत्र. मी टाइप करून ठेवलंय.”

“आणि नाही लागला तर?”

“तर मग मला लेबलं लिहिणारा तरी कशाला लागेल? वायनरीच राहणार नाही. चला, पटपट.”

त्या संध्याकाळी मास्तरांनी बायकोला पहिल्यापासून सगळे सांगितले. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. पाचव्या घडीला तिचा हात थांबला.

“म्हणजे मी तुमच्यावर रागावले, त्याची ही परंपरा?”

“तसंच म्हणायचं झालं तर… हो.”

“दोनशे वर्षांची?”

“पलीकडचे अडीचशे म्हणतात.”

“आणि माझी आई बसस्टँडवर बसली होती ते आलंय का कुठं छापून?”

“नाही गं.”

“नाहीच येणार!” तिने टॉवेल झटकला. “मग परवा काय सांगणार आहात शपथेवर?”

“खरं सांगितलं तर पत्र गेलं. पोरीचं लग्न ठरलंय.”

“आणि खोटं सांगितलंत तर?”

मास्तर उठले, खिडकीपाशी गेले, परत आले, बसले, पुन्हा उठले.

“अहो, बसा तरी एका जागी! त्या तुमच्या बाईंसारखं काय चाललंय?”

सुनावणीचे दालन लांबट होते. मोठ्या टेबलामागे मंडळाचे अध्यक्ष, समोर एका बाजूला येरझाऱ्या घालणाऱ्या मालकीणबाई, दुसऱ्या बाजूला पलीकडच्या वायनरीचे मालक, आणि मधल्या खुर्चीत, दोन्ही पक्षांनी आपापला म्हणून बोलावलेले प्राध्यापक. टेबलावर अकरा पुरावे क्रमांक लावून मांडले होते. अध्यक्ष वयस्कर होते, आवाज हळू होता, आणि नियमावर त्यांची अशी भक्ती होती की वस्तुस्थिती त्यांना किंचित असभ्य वाटे.

“साक्षीदार, ही प्रथा आपल्याला कशी ज्ञात झाली?”

मास्तर उभे होते. त्यांचा डावा हात उजव्या हाताच्या बाहीचे बटण सारखे लावत आणि काढत होता. “ज्ञात झाली नाही साहेब. मीच केली.”

“म्हणजे?”

“एका मंगळवारी. रकाना भरायचा होता. डब्यात बटाटा होता. बाकी सगळं त्यावरून.”

मग मालकीणबाई खुर्चीत बसल्या.

पलीकडचे मालक टाळी वाजवत उठले. “ऐका! कबुली दिली! खोटी निघाली यांची परंपरा!”

“आपली मात्र खरी आहे?” अध्यक्षांनी विचारले.

“शंभर टक्के!”

“आधार?”

“प्राध्यापक साहेबांचा ग्रंथ, पान एकशे चार.”

अध्यक्षांनी पान उघडले. “याच्या तळाशी तर या साक्षीदारांच्याच लेबलाचा आधार आहे.”

पलीकडच्या मालकांची टाळी अर्ध्यावर राहिली. त्यांनी मास्तरांकडे पाहिले, पुराव्यांकडे पाहिले, आणि ते सावकाश खाली बसले. “साहेब,” ते अगदी वेगळ्या आवाजात म्हणाले, “मला वाटतं, साक्षीदार दमलेत. त्यांना जरा पाणी द्यावं.”

“माझंही तेच म्हणणं आहे!” मालकीणबाई लगेच म्हणाल्या. हरकतीपासून एकमेकांचे तोंड न पाहिलेल्या दोन वायनऱ्यांचे या मुद्द्यावर अर्ध्या मिनिटात एकमत झाले.

प्राध्यापक उभे राहिले. ते मास्तरांवर मुळीच रागावले नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावर उलट माया होती. “लोकपरंपरेचा खरा वाहक आपल्या परंपरेविषयी नेहमी संकोचानं बोलतो. ‘आमचं कसलं काय, आम्ही आपलं असंच करतो,’ असं म्हणतो. साक्षीदारांनी ज्या तळमळीनं नकार दिला, ती मी अस्सलपणाची खूण मानतो.”

“अहो सर, मी शपथेवर सांगतोय!” मास्तरांचा आवाज चढला. “दोन बटाटे! बायको चिडली होती!”

“आपल्या या म्हणण्याला लेखी आधार आहे?” अध्यक्षांनी विचारले.

“नाही.”

“कोणी साक्षीदार?”

“बायको.”

“निकटची नातेवाईक. ग्राह्य नाही. ते बटाटे?”

“खाल्ले साहेब.”

अध्यक्षांनी चष्मा काढला आणि खेदाने पुसला. “पाहा, एका बाजूला अकरा लेखी पुरावे आहेत. दुसऱ्या बाजूला आपलं एकट्याचं बोलणं. मंडळानं काय करावं अशी आपली अपेक्षा आहे?”

मंडळाने जे केले ते निर्णयात नोंदलेले आहे. प्रथा दोन शतकांची असल्याचे ‘परस्परांपासून स्वतंत्र अशा अकरा साधनांवरून निर्विवाद सिद्ध’ झाले. ती नदीच्या दोन्ही काठांची सामाईक ठरली. आणि ती आपण रचल्याचा साक्षीदाराचा दावा ‘असमर्थित, तसेच परंपरेचे श्रेय एकट्याकडे घेण्याच्या मोहातून उद्भवलेला’ म्हणून फेटाळण्यात आला. आयुष्यात एकदाच, नोकरी पणाला लावून, मास्तर पूर्ण खरे बोलले होते. आणि तेवढ्याच एका विधानाला आधार मागण्यात आला होता.

बाहेरच्या व्हरांड्यात मालकीणबाईंनी पर्समधून लिफाफा काढला. त्या पुन्हा चालू लागल्या होत्या.

“हे घ्या. कायम केल्याचं.”

“पण मॅडम, मी तर आत…”

“तुम्हाला काढलं तर तुम्ही खरं बोललात असं होईल. डोकं चालवा जरा!” त्या चार पावले पुढे गेल्या आणि वळल्या. “पद बदललंय. परंपरा अधिकारी. पोरीच्या लग्नाला बोलवा.”

निर्णय बेचाळीस पानांचा आहे आणि त्याचा आधार घेणारे लेखन आतापर्यंत सोळा ठिकाणी आले आहे. त्याला एक परिशिष्ट आहे. त्याचा आधार कोणी घेतलेला नाही. निकाल वाचून झाल्यावर, खुर्च्या सरकत असताना आणि दोन्ही मालक एकमेकांचे हात हातात घेत असताना, अध्यक्षांनी रिवाजाप्रमाणे साक्षीदाराला आणखी काही सांगायचे आहे का असे विचारले. मास्तरांनी सांगितले. ऐकत कोणीच नव्हते. फक्त लघुलेखिकेने ते उतरवून घेतले. तेवढा भाग येथे शब्दशः देत आहोत:

‘साहेब, आणखी एक कबूल करायचं राहिलं. त्या मंगळवारी मी बटाटा पाण्याबरोबर खाल्ला. वाइन मी कालपर्यंत तोंडाला लावली नव्हती. काल बायको म्हणाली, उद्या शपथ घेऊन खोटं आहे म्हणून सांगणार आहात, तर आधी खाऊन तरी बघा. तिनं बटाटे उकडले, गार केले, वर मीठ घातलं. आम्ही दोघांनी अर्धा अर्धा पेला घेतला. पहिला घोट मला फार आंबट लागला. मग बटाट्याचा घास घेऊन परत घोट घेतला. साहेब, ते फार छान लागतं. एकाशिवाय दुसरं अपुरं वाटावं इतकं छान लागतं. बायकोनं आणखी दोन बटाटे उकडायला लावले. लेबलावर मी लिहिलं तेव्हा ते खोटं होतं, पण ते बरोबर निघालं. हे मी आज सांगणार नव्हतो, कारण याला माझ्याजवळ कसलाही आधार नाही.’